माळ्यावरचा गंज खाली काढताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. परदेशात असताना घरी बीअर बनवण्याचा छंद लागला, मध्ये काही वर्षं तो सुटला आणि आता पुन्हा हात शिवशिवताहेत. म्हणून या अंकातली सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : म्युनिकमध्ये सहा वर्षं होतो, तेव्हा महिन्यातून एकदा घरी बीअर लावायचो. नागपूरला परतून सात वर्षं झाली. माळ्यावर तीन खोकी तशीच पडली आहेत. त्यात २५ लिटरचा विजेवर तापणारा स्टीलचा गंज (मोठं पातेलं), तांब्याच्या नळीचं वेटोळं, प्लास्टिकचा फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं), द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, थर्मामीटर, दळणी आणि तेव्हाचं उरलेलं माल्ट, हॉप्स, यीस्ट आहे. इथे पुन्हा सुरू करता येईल का? काय ठेवू, काय टाकू? (मनीषनगर, नागपूर)

आधी कायद्याचं सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बीअर त्यात येते. 'घरच्यापुरती, थोडीशी' अशी सूट त्यात नाही. तुमच्याकडे पिण्याचा परवाना असला तरी त्यानं बनवण्याची मुभा मिळत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आणि गडचिरोलीत तर पूर्ण दारूबंदी आहे. तेव्हा यीस्ट टाकून आंबवण्याचा टप्पा नागपुरात करू नका.

पण बीअर बनवण्यातलं निम्म्याहून जास्त कसब यीस्ट पडण्याआधीच संपलेलं असतं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दळणं, नेमक्या तापमानाला मॅश लावणं (दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं), गाळणं, कढवणं, झटपट थंड करणं हे सगळं इथे बिनघोर करता येतं. त्यातून न आंबवलेलं, फसफसणारं माल्ट-पेय तयार होतं. जर्मनीत तुम्ही लहान मुलांच्या हातात जे माल्झबीअर पाहिलं असेल, त्याच्या जवळ जाणारी ही चीज आहे. तुमची खोकी त्यासाठी पुरेशी आहेत.

आता एकेक वस्तू. स्टीलचा गंज टिकलेलाच असणार. नळाचा कॉक मात्र पूर्ण खोला. बॉल व्हॉल्व्हच्या आतल्या पोकळीत सात वर्षांपूर्वीचा वाळलेला वर्ट (माल्टचं गाळलेलं गोड पाणी) डिंकासारखा चिकटलेला सापडेल. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा, घासा आणि दहा मिनिटं उकळा. रबरी वॉशर नवे घ्या. व्होल्टेज दोन्हीकडे २३० आहे, त्यामुळे गंजाचं हीटर चालेल, पण २५०० वॅटचं हीटर साधारण ११ अँपिअर ओढतं. जर्मन प्लग काढून १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग लावून घ्या, अर्थिंग तपासा आणि तो गीझरच्या किंवा एसीच्या पॉइंटवरच लावा. स्वयंपाकघरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला अॅडॉप्टर लावून काम भागवाल तर सॉकेट वितळेल.

तांब्याच्या वेटोळ्यावर हिरवट थर आला असेल. तो विषारी असतो आणि वर्ट आंबट असल्यामुळे त्यात उतरतो. चिंचेच्या कोळानं किंवा पांढऱ्या व्हिनेगरनं घासून वेटोळं गुलाबी होऊ द्या आणि भरपूर पाण्यानं धुवा. आतून नळाचं पाणी सोडून दोन्ही टोकांचे सांधे गळतात का ते वर्टमध्ये बुडवण्याआधीच बघा. प्लास्टिकचा फर्मेंटर आणि सगळ्या पारदर्शक नळ्या टाकून द्या. प्लास्टिकच्या बारीक ओरखड्यांत जंतू बसतात, ते घासून निघत नाहीत.

हायड्रोमीटर काचेचा असल्यामुळे बिघडत नाही असं वाटतं. पण त्याच्या आतली कागदी पट्टी गोंद सुकून घसरते. डिस्टिल्ड वॉटर २० अंशांवर आणा आणि त्यात तो सोडा. १.००० दिसायला हवं. मग १०० ग्रॅम साखर ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवा. तिथे १.०४० दिसायला हवं. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर तो काचेवर मार्करनं लिहून ठेवा आणि दर वेळी वजा-अधिक करा. फरक वेगवेगळा असेल तर नवा घ्या. आणि नागपुरात एक सवय नव्यानं लावून घ्या. म्युनिकच्या तळघरात नमुना आपोआप २० अंशांच्या आसपास असायचा. मे महिन्यात इथल्या ओट्यावर तो ४० अंशांवर असतो. अशा नमुन्यात हायड्रोमीटर साधारण ०.००६ नं कमी दाखवतो, ३० अंशांवर ०.००२५ नं.

थर्मामीटर बर्फाच्या चुऱ्यात शून्य दाखवतो का बघा. उकळत्या पाण्यात मात्र बरोबर १०० ची अपेक्षा ठेवू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, इथे पाणी ९९ अंशांना उकळतं.

उरला माल. दळलेलं माल्ट असेल तर विचारच नको. अख्खं असेल तर चार दाणे चावून बघा. ताजं माल्ट पोह्याच्या चिवड्यासारखं कुरकुरतं. सात वर्षांचं मऊ पडलेलं, मातकट लागेल आणि बहुधा सोंडेही असतील. हॉप्सचं, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या वाळवलेल्या फुलांचं, पाकीट उघडा. ते तपकिरी दिसले आणि जुन्या चीजचा किंवा ओल्या मोज्यांचा वास आला, तर त्यातले तेल आणि कडू आम्ल दोन्ही गेले. यीस्ट मेलेलं आहे. हे तिन्ही टाकताना जीव हळहळेल, पण छंदात परतणाऱ्यांची पहिली खेप सर्वात जास्त वेळा याच काटकसरीनं बिघडते.

प्रश्न : मग ते न आंबवलेलं माल्ट-पेय नेमकं कसं करायचं? १० लिटरचं प्रमाण द्या. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं अशी दोन्ही पाणी येतात. (हेच वाचक)

पाण्यापासून सुरू करू. नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं. त्यात क्लोरीन असतं आणि माल्टशी जमलं की दवाखान्यासारखी चव देतं. पाणी आदल्या रात्री उघड्या गंजात काढून ठेवा. तेवढ्यानं वास जात नसेल तर १५ लिटरला सोडियम मेटाबायसल्फाइटची अगदी चिमूट, ०.१ ग्रॅमच्या आसपास, टाकून ढवळा. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे मॅशचा पीएच वर जातो आणि टरफलांतला तुरटपणा उतरतो. बोअरचंच वापरायचं असेल तर निम्मं आरओचं मिसळा. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये बसला की झालं.

१० लिटरसाठी दीड किलो फिकं जवाचं माल्ट, १५० ग्रॅम कॅरॅमल माल्ट आणि ५० ग्रॅम काळं भाजलेलं माल्ट घ्या. दळणीच्या रुळांत अंतर असं ठेवा की दाणा तीन-चार तुकड्यांत फुटेल आणि टरफल शक्यतो अख्खं राहील. पिठाच्या गिरणीत देऊ नका. पीठ झालं की गाळणं तुंबतं.

मॅशसाठी ५ लिटर पाणी. माल्ट पडल्यावर सगळं मिळून ६७ अंशांवर यायला हवं, म्हणून पाणी त्याहून गरम लागतं. किती गरम, ते धान्याच्या तापमानावर ठरतं. मे महिन्यात डब्यातलं माल्टच ३८ अंशांचं असतं, तेव्हा ७१ अंश पुरतात. जानेवारीच्या सकाळी माल्ट २० अंशांचं असतं, तेव्हा ७३ ते ७४ लागतात. जुन्या वहीतला म्युनिकचा आकडा उचलून मे महिन्यात वापरलात तर मॅश दोन-तीन अंश वर जाईल. माल्ट एकदम ओतू नका. एकानं ओतावं, दुसऱ्यानं लाकडी डावानं ढवळावं, गुठळी दिसली की गंजाच्या कडेला दाबून फोडावी. झाकण ठेवून गोधडीत गुंडाळा आणि तासभर सोडा.

तासाभरानं चमचाभर पातळ वर्ट पांढऱ्या बशीत घ्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडा. थेंबाच्या कडेनं निळा-काळा ढग पसरला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, आणखी १५ मिनिटं थांबा. थेंब पिवळसर तपकिरीच राहिला तर स्टार्च तुटलेलं आहे. दाण्याचा तुकडा बशीत येऊ देऊ नका, तो नेहमीच काळा पडतो आणि फसवतो. बशीतलं सिंकमध्ये ओता, परत गंजात नको.

आता गाळा. पहिला गढूळ लिटर-दीड लिटर हळूच परत वर ओता, मग स्वच्छ धार येऊ लागते. त्यानंतर ७५ अंशांच्या साडेआठ लिटर पाण्यानं चोथा धुवा. पाणी ७८ अंशांच्या वर गेलं तर तुरटपणा येतो. चोथा दर किलोमागे जवळपास एक लिटर पाणी धरून ठेवतो, म्हणजे तुमच्या हाती पावणेबारा लिटर वर्ट यावा. तो झाकण न ठेवता एक तास खदखदा कढवा. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्यासारखा वास आतच राहतो. उकळी फुटताना फेस झपाट्यानं वर येतो, तेवढी पाच मिनिटं गंजासमोरून हलू नका.

हॉप्स कमीच घाला. न आंबवलेल्या वर्टमध्ये सगळी साखर जागेवर असते, त्यामुळे थोडा कडवटपणा तोल सांभाळतो, जास्त झाला तर काढ्यासारखं लागतं. चार टक्के कडू आम्ल असलेले ८ ग्रॅम हॉप्स उकळीच्या सुरुवातीला पुरतात. भारतात लाहौलच्या खोऱ्यात हॉप्स पिकतात. मिळाले नाहीत तर शेवटच्या पाच मिनिटांत दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त नारिंगी भाग आणि मूठभर गवती चहा टाका. आमच्या मते नागपूरच्या माणसानं पहिली खेप संत्र्याचीच करावी. 

थंड करणं इथे सगळ्यात अवघड. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चहा करायला निघाल्यासारखं गरम असतं, वेटोळ्यातून कितीही सोडलं तरी वर्ट त्याच्या खाली जात नाही. म्हणून दोन टप्पे करा. वेटोळ्यानं वर्ट ४५ अंशांपर्यंत आणा, मग गंज घमेल्यात ठेवून भोवती बर्फ आणि मूठभर मीठ घाला. उन्हाळ्यात हे काम पहाटे पाचला सुरू केलेलं बरं. शेवटी हायड्रोमीटरवर १.०३८ च्या आसपास आकडा यावा. जास्त आला तर उकळून गार केलेलं पाणी घालून खाली आणा.

आता एक गोष्ट अजिबात सैल सोडू नका. बीअरला अल्कोहोल आणि यीस्टनं आणलेला आंबटपणा राखतात. न आंबवलेल्या वर्टचा पीएच ५.२ च्या आसपास असतो आणि साखर भरपूर. हवाबंद बाटलीत भरून बाहेर ठेवला तर त्यात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. वास किंवा चव बदलेलच असं नाही. म्हणून सायट्रिक अॅसिड लिटरला दीड ग्रॅमपासून घालायला सुरुवात करा आणि पीएच मीटरवर ४.२ दिसेपर्यंत वाढवत न्या. त्यानंतरही फ्रिजमध्ये ४ अंशांवरच ठेवा आणि पाच-सहा दिवसांत संपवा. उरणारं असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. बाहेर राहून आपोआप फसफसू लागलेलं पेय पिऊ नका, ओतून द्या.

फसफस आणण्यासाठी केग (दाबाखाली पेय ठेवायचं स्टीलचं पिंप) असेल तर ४ अंशांवर १२ पीएसआय दाबानं खाद्य प्रतीचा कार्बन डायऑक्साइड पाच-सहा दिवस लावून ठेवा. घाई असेल तर ३० पीएसआयवर दोन मिनिटं केग आडवा करून हलवा. सिलिंडर नसेल तर सोपी वाट अशी : वर्ट कढवून १.०७० पर्यंत दाट करा, गार करा आणि ग्लासात तेवढाच थंडगार सोडा मिसळा. घरच्या सोडा मशीनमध्ये थेट वर्ट भरू नका, फेसाचा फवारा छतापर्यंत जातो.

प्रश्न : जवाचं माल्ट बाहेरून मागवावं लागतं. आमच्या शेतात ज्वारी होते. तिचं माल्ट घरी करता येईल का? (काटोल)

येईल आणि विदर्भात ते करायलाच हवं. पण मटकीचे मोड आणि ज्वारीचे मोड यांत जीवावर बेतणारा फरक आहे. ज्वारीच्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाल्लेलं जनावर दगावतं ते यामुळेच. म्हणून ज्वारीचे मोड खायचे नाहीत. माल्ट वाळलं की कोंब आणि मुळं संपूर्ण झाडून टाकायची, वापरायचा तो फक्त दाणा.

पेरणीचं, औषध लावलेलं बियाणं चुकूनही घेऊ नका. घरच्या खळ्यावरची, या हंगामातली ज्वारी घ्या. आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. तीन दिवसांत नव्वदच्या वर उगवले तरच पुढे जा. न उगवलेले दाणे तिसऱ्या दिवशी बुरशी धरतात आणि ती सगळीकडे पसरते.

दोन किलो ज्वारी स्वच्छ धुऊन २० ते २४ तास भिजवा. या काळात पाणी तीनदा बदला आणि प्रत्येक वेळी तासभर निथळत ठेवा, दाण्याला हवा लागते. मग ओल्या, उकळून घेतलेल्या गोणपाटावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका. २५ ते ३० अंशांत तीन ते चार दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून हातानं उलथा, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून चटई होते आणि आतला भाग तापतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. दाण्यावर काळी किंवा लाल बुरशी दिसली, कुबट वास आला तर सगळी खेप टाका, निवडत बसू नका.

वाळवताना तापमान ५० अंशांच्या खाली ठेवायचं, नाहीतर स्टार्च तोडणारी एन्झाइम्स मरतात. एप्रिल-मे मध्ये गच्चीची फरशी सहज याच्या वर जाते. बाजेवर जाळी किंवा धोतराचं कापड ताणा, सावलीत ठेवा. आपल्याकडची कोरडी हवाच दीड-दोन दिवसांत काम करते. दाणा दाताखाली टणकन फुटला पाहिजे. मग जाड कापडात घालून चोळा, चाळणीवर घासा आणि सुपानं पाखडा. पाखडलेला भुसा जनावरांपुढे टाकू नका.

मॅशही वेगळा लागतो. ज्वारीचं स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला, सत्तरच्या आसपास आणि पुढे, फुलतं. त्या तापमानाला तिची एन्झाइम्स फार टिकत नाहीत. म्हणून दोघांची फारकत करायची. एक किलो भरडलेलं माल्ट साडेतीन लिटर ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. गाळ खाली बसला की वरचं सव्वा लिटर निवळ पाणी हळूच बाजूला काढा. एन्झाइम्स त्यात आहेत, ते तापवू नका. खालचा दाट भाग, लागलं तर थोडं पाणी घालून, २० मिनिटं ढवळत शिजवा. तो आंबिलीसारखा घट्ट होईल. तो ७५ अंशांपर्यंत निवला की बाजूचं पाणी परत घाला. दोन्ही मिळून ६३ ते ६५ अंशांवर येतं. दीड तास ठेवा. घट्ट आंबील डोळ्यांदेखत पातळ होते आणि गोड लागू लागते. मग आयोडीनची चाचणी घ्या.

ज्वारीला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळणं तुंबतं. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून धानाचं तूस आणा, धुऊन दहा मिनिटं उकळा आणि किलोमागे दोन मुठी मॅशमध्ये मिसळा. पुढचं कढवणं, आंबट करणं, फ्रिजमध्ये ठेवणं वरच्यासारखंच. ग्लूटेन चालत नसलेल्यांसाठी ही खेप फार उपयोगाची आहे.

प्रश्न : आल्याचं विरजण करून जिंजर सोडा बनवते. मे महिन्यात एक काचेची बाटली कपाटात फुटली. साखर कमी टाकू का? (महाल, नागपूर)

कपाटात ३८-४० अंशांत यीस्ट काही तासांत सगळी साखर संपवायला धावतं, म्हणून नुसती साखर कमी करून भागणार नाही. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की बाटलीत तिच्या आकाराएवढा वायू तयार होतो. बाजारातल्या सोड्यात तो साधारण साडेतीन-चार पट असतो. तुमच्या सोड्यात ८० ग्रॅम साखर असेल तर हिशेब २० पटीपर्यंत जातो, कोणतीही काच तो झेलणार नाही. शिवाय १२ ग्रॅम साखर आंबली तरी पाऊण टक्का अल्कोहोल होतो, म्हणजे मुलांसाठीही हे योग्य नाही. आल्याचा पाक करा, लिंबू पिळा आणि वरून थंड सोडा घाला.

प्रश्न : मे ते ऑगस्ट मुलीकडे ओहायोला जाणार आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिथे असताना बीअर बनवायचो. आता पुन्हा तिथेच एक खेप करायची आहे. काय बदललं? साधी, चुकणार नाही अशी कृती द्या. (धरमपेठ, नागपूर)

अमेरिकेत हे कायद्यात बसतं. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरी बीअर बनवायला केंद्राकडून मोकळीक मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं शेवटी, २०१३ मध्ये, आली. एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. विकायची नाही, आणि ऊर्ध्वपातन करून दारू काढणं तिथेही बंद आहे.

बदललेल्या गोष्टींत तुमच्या कामाच्या तीन. कोरडं यीस्ट आता खूप चांगलं आणि अनेक जातींत मिळतं, स्टार्टर करण्याची, म्हणजे यीस्ट आधी वेगळं वाढवून घेण्याची, गरज नाही. आठवड्यानं दुसऱ्या फर्मेंटरमध्ये बीअर काढून ठेवायची जी रीत तेव्हा सगळे सांगायचे, ती साध्या एलसाठी (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बीअरसाठी) सोडून द्या. प्रत्येक ओतण्यात बीअरला हवा लागते आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आणि दाणे मोठ्या कापडी पिशवीत घालून एकाच गंजात मॅश करण्याची पद्धत रुळली आहे. तरी पहिली खेप माल्टच्या अर्काचीच करा. पंधरा वर्षांनी हात पुन्हा बसवायचा आहे, तर स्वच्छता आणि तापमान या दोनच गोष्टींवर लक्ष राहू द्या.

१९ लिटरसाठी : २२५ ग्रॅम कॅरॅमल माल्ट भरडून कापडात बांधा आणि ६७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून काढा, पिळू नका. गॅस बंद करून २.३ किलो फिक्या माल्टची अर्कपूड घाला. गॅस चालू असताना टाकली तर ती तळाला बसून जळते. उकळी आली की २८ ग्रॅम कॅस्केड हॉप्स, शेवटच्या दहा मिनिटांना २८ ग्रॅम, गॅस बंद केल्यावर २८ ग्रॅम. एकूण एक तास. २० अंशांपर्यंत गार करा, फर्मेंटरमध्ये जोरात ओता म्हणजे हवा मिसळेल, आणि ११ ग्रॅमचं एल यीस्टचं एक पाकीट टाका. हायड्रोमीटरवर सुरुवातीचा आकडा १.०४६ च्या आसपास.

ओहायोच्या उन्हाळ्यातही तळघरात १८ ते २० अंश मिळतात, फर्मेंटर तिथेच ठेवा. आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातं, त्यामुळे पट्टीचा थर्मामीटर फर्मेंटरला चिकटवा, भिंतीवरचा बघू नका. २४ अंशांच्या वर गेलं तर केळ्यासारखा वास आणि डोकं दुखवणारे जड अल्कोहोल तयार होतात. टबात पाणी घालून त्यात फर्मेंटर ठेवा, अंगावर ओला टीशर्ट चढवून समोर पंखा लावा. कूलरच्या खसाचं तत्त्व तेच, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोन आठवडे उघडू नका. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबणं म्हणजे काम संपणं असं धरू नका, झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. आकडा १.०११ च्या आसपास येऊन तीन दिवस तसाच राहिला की मगच बाटल्या भरा. ११५ ग्रॅम साखर दोन कप पाण्यात उकळून बाटल्या भरायच्या बादलीत आधी ओता, त्यावर बीअर नळीनं तळातून न खळाळता सोडा. वरून साखर टाकून ढवळलं तर काही बाटल्या सपाट आणि काही बॉम्ब होतात. गळ्याशी अडीच सेंटिमीटर जागा ठेवा. ३५५ मिलिलिटरच्या साधारण पन्नास बाटल्या होतील. खोलीत दोन आठवडे, फ्रिजमध्ये दोन दिवस, मग उघडा. अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या थोडं वर येईल. तुमच्या मुक्कामात अशा दोन खेपा आरामात बसतात.

प्रश्न : भाचा मँचेस्टरला शिकतो आणि तिथे बीअर बनवतो. त्याच्या खेपेला लोण्याचा वास येतो, वर बाटली उघडली की निम्मी बाहेर उसळते. त्याला काय कळवू? (रामदासपेठ, नागपूर)

हे दोन वेगळे दोष आहेत, पण दोन्हींच्या मागे बहुधा घाई आहे. लोण्याचा वास डायअॅसिटिलचा. यीस्ट आंबवताना त्याचा कच्चा माल बाहेर टाकतं आणि शेवटी डायअॅसिटिल स्वतःच परत खातं. त्याआधीच बीअर थंड केली किंवा यीस्टवरून काढली तर वास तसाच राहतो. मँचेस्टरच्या हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झालं की यीस्ट मध्येच झोपतं, तेव्हाही हेच होतं. आंबणं संपत आलं की फर्मेंटर २० ते २१ अंशांवर आणून तीन दिवस ठेवायला सांगा.

बाटल्या भरण्याआधी त्यानं एक चाचणी करावी. दोन छोट्या ग्लासांत बीअर घ्यायची आणि दोन्ही झाकायचे. एक तसाच ठेवायचा, दुसरा ६० ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात २० मिनिटं. मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. तापवलेल्यात लोणी किंवा बटर-पॉपकॉर्नचा वास आला आणि साध्यात नाही, तर कच्चा माल अजून आत आहे, अजून दोन-तीन दिवस थांबायचं. दोन्हींत नसेल तर भरायला हरकत नाही.

उसळण्याची कारणं तीन : आकडा स्थिर होण्याआधी भरणं, साखर जास्त होणं, किंवा रानटी यीस्ट शिरणं. पहिल्या आठवड्यात बाटली ठीक होती आणि महिन्यानं उसळू लागली, चव पातळ आणि आंबट झाली, तर संसर्ग आहे. नळ्या, बाटल्या भरायची कांडी आणि बादलीचा नळ बदलायचा. सुरुवातीपासूनच सगळ्या बाटल्या सारख्या उसळत असतील तर साखरेचा किंवा घाईचा प्रश्न. साखर कपानं मोजत असेल तर वजनकाटा घ्यायला सांगा.

आधीच भरलेल्या बाटल्या मात्र खोलीत राहू देऊ नये. जाड हातमोजे आणि चष्मा घालून त्या टॉवेलमध्ये गुंडाळाव्यात, शक्य तितक्या थंड फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवाव्यात आणि मगच सिंकवर एकेक बूच हळूच उचलून वायू सोडावा. गरम बाटलीचं बूच कधीच उचलू नये. हे पत्र पोहोचायची वाट न बघता बाटल्यांचं तेवढं आजच फोनवर सांगा.